गोष्ट मुलाची, तर आवाजही मुलाचाच हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शाळेतल्या डिजिटल वर्गांविषयी हल्ली वर्तमानपत्रांतून बरंच छापून येतं. किती पडदे बसले, किती टॅब आले, कुठलं अ‍ॅप घेतलं, हे सगळं त्यात असतं. त्या टॅबवर मुलांनी स्वतः काय केलं, हे मात्र फारसं वाचायला मिळत नाही. मी तिसरीच्या वर्गाला शिकवते आणि गोष्ट सांगण्याच्या तासाला ही साधनं नेमाने वापरते, म्हणून त्या एका तासाबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं असं, की आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती देण्याजोगं सर्वांत मोलाचं डिजिटल साधन म्हणजे आवाज नोंदवणारा साधा रेकॉर्डर. तो कुठल्याही फोनमध्ये असतो. अ‍ॅनिमेशन, तयार पात्रं, पार्श्वसंगीत या गोष्टी त्यानंतरच्या, आणि पुष्कळदा त्यांची गरजच पडत नाही.

रेकॉर्डरमध्ये एवढं काय, असं कुणाला वाटेल. वर्गात काय घडतं ते सांगते.

एका मुलाने मांजराच्या पिल्लाची गोष्ट सांगितली. पिल्लू खोक्यात शिरतं, वरून झाकण पडतं, आई त्याला सगळीकडे शोधत फिरते आणि शेवटी दोघं मिळून दूध पितात. त्याच्या गटातल्या मुलांनी ती गोष्ट लगेच परत लावून ऐकली. एका मुलीने विचारलं, "पण पिल्लू बाहेर कसं आलं?" तो म्हणाला, "आईने झाकण ढकललं ना!" ती म्हणाली, "ते तू बोललाच नाहीस." त्याचा विश्वास बसेना. त्याने स्वतः बटण दाबून पुन्हा ऐकलं, कान फोनला लावून ऐकलं. झाकण ढकलल्याचा उल्लेख खरंच कुठे नव्हता. त्याने ते मनात इतकं स्पष्ट पाहिलं होतं, की आपण ते सांगितलंय अशी त्याची खात्री होती. दुसऱ्या वेळी सांगताना झाकण ढकललं गेलं, शिवाय त्याआधी आतून पिल्लाचा ओरबाडण्याचा आवाज आला, आईने कान टवकारले, आणि तो आवाज काढायला त्याने बाकावर नखं घासली.

आपल्या मनात आहे ते ऐकणाऱ्याला आपोआप कळत नसतं, ही लेखनातली पहिली आणि बहुधा सर्वांत अवघड शिकवण. आम्ही शिक्षक ती लाल शाईने देत असतो. "येथे अधिक स्पष्ट कर" असं वहीत लिहितो. मूल ते वाचतं, मान डोलावतं आणि पान उलटतं, कारण त्याच्या लेखी सगळं स्पष्टच असतं. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकताना मात्र ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या जागी बसतं. ही जागा त्याला एरवी मिळतच नाही. बोललेलं हवेत विरून जातं, आणि स्वतः लिहिलेलं वाचताना मूल कागदावर नसलेले शब्दही वाचून टाकतं. प्राथमिकच्या कोणत्याही शिक्षकाने हे पाहिलेलं आहे.

दुसरा फायदा याहून साधा आहे. तिसरीतल्या मुलाला एक पान पुन्हा लिहायला सांगणं म्हणजे त्याच्या दृष्टीने शिक्षाच. हात दुखतो, जोडाक्षरं आडवी येतात, मागच्या वेळी बरोबर आलेला शब्द या वेळी चुकतो. त्यामुळे पहिला खर्डा हाच शेवटचा ठरतो. रेकॉर्डिंग पुसून पुन्हा बोलायला मिनिटभर लागतं, आणि मुलं ते कुणी न सांगता करतात. तीनदा, चारदा करतात. सुधारणा करण्याची सवय लिहिण्याआधी बोलण्यातून लागू शकते, हे मला मुलांनीच दाखवलं. गोष्ट अशी घोटून झाल्यावर जेव्हा ती कागदावर उतरते, तेव्हा लिहिणाऱ्या हाताला फक्त लिहायचं काम उरतं. पुढे काय होतं हा प्रश्न सुटलेला असतो.

गोष्टीत काय सुधारलं हे कसं ओळखायचं, असं सहकारी विचारतात. मी घटना मोजत नाही, त्या कशाने जोडल्या आहेत ते ऐकते. सुरुवातीच्या गोष्टी "आणि मग, आणि मग" अशा धावत असतात. वर्ष सरता सरता त्यात "पण" येतो, "तेवढ्यात" येतो, "म्हणून" येतो. सर्वांत उशिरा "त्याला वाटलं की" येतं, कारण त्यासाठी दुसऱ्याच्या मनात शिरावं लागतं. जूनमधलं आणि फेब्रुवारीतलं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून पालकांना ऐकवावं. मार्कांच्या तक्त्यापेक्षा त्यांना त्यातून जास्त कळतं.

यातलं काहीही माझा शोध नाही. १९२४ च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेतल्या एका छोट्या गावात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं भटकून यायची, पाहिलेलं सांगायची, त्याचा मजकूर व्हायचा आणि मग मुलंच अक्षराचा एकेक खिळा जुळवून तो छापायची. छापलेली पानं दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवली जायची, तिकडची पानं इकडे यायची. त्या काळी छपाईयंत्र हे आधुनिक तंत्रज्ञानच होतं. फ्रेनेने ते मुलांच्या हाती सोपवलं, मजकूरही मुलांचाच ठेवला आणि वाचणारी खरी माणसं मिळवून दिली. आजचं कोणतंही साधन वर्गात आणताना मी या तीन गोष्टी आधी पाहते.

अमेरिकेत व्हिव्हियन गसिन पेली या बालवर्गाच्या शिक्षिकेने तर मुलांच्या गोष्टी हातानेच उतरवून घेतल्या. मूल गोष्ट सांगे, त्या ती शब्दशः लिहून घेत आणि त्याच दिवशी वर्ग ती गोष्ट करून दाखवे. १९८९ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. एका बालवर्गाच्या बाईंना असा सन्मान मिळावा याचा मला आजही आनंद वाटतो. 'डिजिटल स्टोरीटेलिंग' हे नाव ज्यांच्यामुळे रुळलं, ते जो लॅम्बर्ट आणि डेना अ‍ॅचली यांचं काम १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झालं. सामान्य माणसांनी आपल्याच आयुष्यातला एक प्रसंग आपल्याच आवाजात सांगायचा, त्याला घरचे फोटो जोडायचे आणि काही मिनिटांची फिल्म करायची, अशा त्या कार्यशाळा. त्यांत संगणकाला हात लावण्याआधी सगळे गोल बसून एकमेकांना गोष्ट ऐकवतात. यंत्र नंतर येतं. शाळांनी अ‍ॅप उचललं आणि हे गोल बसणं नेमकं मागे राहिलं.

माझा तास म्हणूनच जमिनीवर गोल बसून सुरू होतो. गोष्ट आधी माणसांना सांगायची. ऐकणारे तिथेच प्रश्न विचारतात, हसतात, एखाद्या ठिकाणी चुळबुळ करतात. सांगणाऱ्याला कळतं की इथे लांबलं. मग चित्रं, तीही कागदावर आणि हाताने. चौकटी चार किंवा पाच, त्यापेक्षा जास्त नाहीत. मग रेकॉर्डिंग. शेवटी चित्रांचे फोटो आणि आवाज एकत्र जोडायचे. चार-पाच मुलांच्या गटाला एक फोन किंवा टॅब पुरतो. सगळ्यांना वेगवेगळा दिला तर गोष्टीवर बोलणंच थांबतं, मुलं माना खाली घालून बसतात. एक गट रेकॉर्ड करत असताना बाकीचे चित्र काढतात किंवा तालीम करतात, त्यामुळे दोन उपकरणांतही वर्ग चालतो.

रेकॉर्डिंगच्या काही बारीक गोष्टी सांगून ठेवते, कारण त्या कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत आणि त्यावाचून सगळा तास वाया जातो. फोन आधी विमान मोडवर टाकावा, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी फोन येतो. तोंडापासून वीतभर अंतर ठेवावं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. सतरंज्या, दप्तरं, पडदे असलेला कोपरा बरा. पंखा बंद करावा. आणि सगळी गोष्ट एका दमात नोंदवण्याचा आग्रह धरू नये. एका चित्राचा एक तुकडा असं केलं की चुकल्यावर तेवढाच तुकडा पुन्हा बोलता येतो.

आता अ‍ॅपविषयी. मी अ‍ॅपच्या विरोधात नाही. पडद्यावरची पात्रं हलवून गोष्ट तयार करायचं स्क्रॅच ज्युनिअर मला मनापासून आवडतं. अमेरिकेतलं टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटी या संस्थेची मीडिया लॅब यांतल्या गटांनी ते पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी तयार केलं आणि २०१४ मध्ये ते आलं. त्यातल्या सूचना चित्रांच्या ठोकळ्यांच्या रूपात आहेत, त्यामुळे वाचता न येणारं मूलही पात्राला चालवू, उडी मारायला लावू, लपवू शकतं. मुख्य म्हणजे मूल आपलं पात्र स्वतः रेखाटू शकतं आणि त्याला आपला आवाज देऊ शकतं. एका प्रकल्पात जास्तीत जास्त चार पानं घेता येतात. ही मर्यादा मला फार उपकारक वाटते. चार पानांत बसवायचं म्हटलं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं यावर मुलांची खडाजंगी होते, आणि गोष्टीचं सगळं शिक्षण त्या खडाजंगीत आहे. "पिल्लू झोपलं ते पान कशाला? तिथे काही होतच नाही!" हे वाक्य एका संपादकाचं आहे, वय वर्षं आठ.

स्टॉप मोशनचंही, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत काढलेले फोटो जोडून केलेल्या फिल्मचंही, तसंच. सेकंदाला पाच फोटो धरले तरी अर्ध्या मिनिटासाठी १५० फोटो लागतात, आणि प्रत्येक फोटोआधी मातीचं पात्र केसभर सरकवायचं असतं. एवढे कष्ट पडणार म्हटल्यावर मुलं गोष्ट आपसूक नेटकी करतात. दर आठवड्याला ते जमणार नाही, वर्षातून एकदा जरूर करावं.

माझा विरोध आहे तो तयार पात्रं आणि तयार पार्श्वभूमी देणाऱ्या अ‍ॅपना, निदान प्राथमिकच्या वर्गात. तिथे पूर्ण तास राजकन्येच्या केसांचा रंग निवडण्यात जातो. मुलं गुंतलेली दिसतात, बाहेरून बघणाऱ्याला वर्ग अगदी छान वाटतो. नंतर ऐकावं तर साऱ्या गोष्टी किल्ल्यात घडतात आणि सगळ्यांत ड्रॅगन असतो, कारण अ‍ॅपमध्ये किल्ला आणि ड्रॅगन होता. मूल आपल्या गोष्टीसाठी चित्र शोधत नाही, हाताला लागलेल्या चित्राभोवती गोष्ट बेतून मोकळं होतं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरसारख्या खुल्या परवान्याच्या, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या, ऑनलाइन ग्रंथालयातली चित्रं मी वापरते, पण ती बोलायला तोंड फुटावं म्हणून सुरुवातीला दाखवते. मुलाच्या स्वतःच्या गोष्टीत ती घालत नाही.

एक ओळ सांगितली की चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता आली आहेत. त्याबद्दल माझं मत ठाम आहे : या वयात ती नकोत. मूल चित्र काढताना विचार करत असतं. खोक्याला भोक होतं का? आई कुठल्या बाजूने आली? दिवस होता की रात्र? हे प्रश्न पेन्सिल कागदावर टेकल्यावरच पडतात, कारण काहीतरी काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चित्र आयतं मिळालं की हे सगळे निर्णय यंत्र घेऊन टाकतं आणि मुलाला ते निर्णय होते हेही कळत नाही. सुंदर चित्र मिळतं. गोष्ट तेवढ्याने बारीक होते.

मराठी माध्यमाच्या शिक्षकांना आणखी एक अडचण रोज भेटते. टंकलेखनाची प्रचलित पद्धत अशी, की मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करायचा आणि तो देवनागरीत उमटतो. म्हणजे मुलाला स्वतःच्या भाषेत एक वाक्य लिहायला आधी दुसरी लिपी यायला हवी. तिसरीतलं मूल यात हमखास अडखळतं. भारतीय लिप्यांसाठी केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक याहून पुष्कळ तर्कशुद्ध आहे, स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे, पण त्याचा सराव करवून घ्यायला प्राथमिकमध्ये वेळ कुठला? बोललेलं आपोआप टाइप करणारी सोय मोठ्यांच्या आवाजाला बरी साथ देते. लहान मुलांच्या बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजाला ती वारंवार फसते, आणि मग मूल यंत्राला कळावं म्हणून यंत्रासारखं बोलू लागतं. ते ऐकवत नाही. आम्ही यावर सरळ मार्ग काढला आहे : शीर्षक आणि चार ओळी मूल कागदावर आपल्या अक्षरात लिहितं आणि त्याचा फोटो गोष्टीत जातो. अक्षर वेडंवाकडं असतं, पण त्याचं असतं.

बोलीविषयीही लिहायलाच हवं. वर्गातली कित्येक मुलं घरी पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळी मराठी बोलतात, काहींच्या घरी मराठी नसतेच. वहीवर ही मुलं आखडतात, चार वाक्यांत गोष्ट संपवून मोकळी होतात. तीच मुलं रेकॉर्डरसमोर आजीच्या तोंडचे हेल, घरचे शब्द, भांडणातले सूर सगळं आणतात आणि गोष्ट पाचपट मोठी होते. अशा वेळी शिक्षकाने मध्ये बोलू नये. रेकॉर्डिंग चालू असताना "असं नाही, तसं म्हण" हे एकदा जरी झालं, तरी पुढच्या वेळी मूल बाईंना आवडेल असं बोलतं. प्रमाण भाषा शिकवायची तर तिच्यासाठी इतर तास आहेत. या तासात मुलाची भाषा हाच कच्चा माल आहे आणि तो साफसूफ केलेला नको.

याच कारणासाठी शाळाशाळांत होणाऱ्या 'डिजिटल गोष्ट' स्पर्धांबद्दल मला खंत वाटते. अशा स्पर्धांतल्या फिल्म मी पाहिल्या आहेत, काहींना बक्षिसंही मिळालेली. संगीत चढवलेलं, अक्षरं उडत येणारी, आणि त्यामागे एका मुलाचा पाठ केलेला आवाज. मजकूर मोठ्या माणसाने लिहिलेला असतो हे पहिल्या वाक्यात कळतं; आठ वर्षांचं मूल "निसर्गाच्या सान्निध्यात" असं म्हणत नाही. रात्री जागून ती फिल्म शिक्षकाने केलेली असते. त्या शिक्षकाच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण मुलाच्या वाट्याला त्यातलं काय आलं? परीक्षकांनी संगीत आणि सफाईला गुण देणं थांबवावं. मुलाचं पहिलं रेकॉर्डिंग आणि शेवटचं रेकॉर्डिंग दोन्ही मागवावीत. मधला प्रवास दिसला की कोणाचं काम किती, हे कुणाला विचारावं लागणार नाही.

पालकांची एक काळजी रास्त आहे : आधीच पडद्यासमोर इतका वेळ जातो, त्यात शाळेनेही भर घालावी का? युनेस्कोने २०२३ चा आपला जागतिक शिक्षण अहवाल शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच काढला होता आणि त्यात शिकणाऱ्याचं हित मध्यभागी ठेवण्याची सूचना केली होती. ती मला पूर्ण मान्य आहे. पण पडदा बघणं आणि आवाज नोंदवणं यांत फरक आहे. आमच्या तासात फोन बराच वेळ पालथा असतो. मुलं बोलतात, ऐकतात, चित्र काढतात, वाद घालतात. काळजी करायचीच तर पुढच्या गोष्टीची करावी. मुलांची रेकॉर्डिंग फोनवरच्या गटांवर, समाजमाध्यमांवर सर्रास टाकली जातात, चेहरा, पूर्ण नाव, शाळा सगळ्यासकट. मुलं गोष्टीत घरातलं खरं सांगून जातात. बाबा का ओरडले, आई का रडली. ते जगापुढे ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. आमच्याकडे फाइलला मुलाचं नाव देत नाहीत, गोष्टीचं देतात, आणि गोष्ट शेजारच्या वर्गापलीकडे पाठवायची असेल तर आधी मुलाला विचारतात, मग पालकांना. एका मुलीने "नको" म्हटलं आणि तिची गोष्ट, त्या वर्षातली बहुधा सर्वांत चांगली गोष्ट, वर्गातच राहिली. ते योग्यच झालं.

संपादक महोदय, शेवटी आपल्याकडे एक मागणं आहे. मराठी वर्तमानपत्रांत मुलांसाठी पान असतं, त्यात मुलांचं लेखन छापलं जातं, आणि बहुतेक वेळा ते मोठ्यांनी तपासून इतकं गुळगुळीत केलेलं असतं की सगळी मुलं एकसारखी वाटतात. त्या पानावर आठवड्याला एक क्यूआर कोड छापावा आणि तो उघडल्यावर एका मुलाची गोष्ट त्याच्याच आवाजात ऐकू यावी. लांबी दोन मिनिटं. सोबत त्याने काढलेलं एक चित्र. नाव फक्त पहिलं, शाळेचं नाव आणि फोटो नको. संगीत नको. अडखळलेलं काढून टाकू नये, बोली बदलू नये. मुलाची आणि पालकांची संमती असल्याशिवाय काही घेऊ नये. विषय आपण देऊ नये, तो मुलांवर सोडावा. एवढं केलंत तर अशा गोष्टी मिळवून द्यायला आमच्यासारखे शिक्षक आनंदाने पुढे येतील. आमच्या वर्गाची पहिली गोष्ट तयार आहे आणि सांगणाऱ्याचा होकारही मिळाला आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका